सरकारच्या दाराला कुलूप का लागते?

राज्याच्या खजिन्यात पैसा आहे, कर नियमाने जमा होत आहेत, शत्रूने स्वारी केलेली नाही की दुष्काळ पडलेला नाही. आणि तरीही मध्यरात्रीचे बारा वाजताच त्या राज्याच्या कचेऱ्या बंद होतात व लाखो नोकरांना घरी बसावे लागते, ही गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथम खरी वाटत नाही. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १ ऑक्टोबर २०२५ रोजी असेच घडले, आणि ते एकदोन दिवस नव्हे, तर ४३ दिवस चालले. त्या देशाच्या इतिहासात तोवर कारभार इतका दीर्घकाळ कधीही खंडित झालेला नव्हता.

या काळात दररोज सुमारे साडेसात लाख कर्मचारी बिनपगारी घरी बसतील, असा अंदाज तेथील विधिमंडळाच्या अंदाजपत्रक कार्यालयाने आरंभीच वर्तविला होता. शिवाय ज्यांना घरी बसण्याचीही मुभा नव्हती असे कित्येक लाख कर्मचारी होते. विमानांना आकाशातून मार्ग दाखविणारे नियंत्रक, विमानतळावर सामानाची तपासणी करणारे शिपाई, तुरुंगांचे रक्षक हे रोज कामावर जात होते. मात्र पगाराच्या दिवशी त्यांच्या हाती काही पडत नव्हते. वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेची संग्रहालये शिलकी पैशावर काही दिवस उघडी राहिली आणि मग तीही बंद झाली. ज्या गरीब कुटुंबांना धान्यखरेदीसाठी सरकारी साहाय्य मिळते अशा सुमारे ४ कोटी २० लाख लोकांचे नोव्हेंबर महिन्याचे साहाय्य रखडले आणि त्याचा वाद न्यायालयांत गेला.

पैसा असून सरकार बंद पडते, याचे कारण पैशाच्या अभावात नसून पैसा खर्च करण्याच्या अधिकारात आहे. १७८७ साली सिद्ध झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत असा स्पष्ट नियम आहे की, विधिमंडळाने कायदा करून मंजुरी दिल्याखेरीज खजिन्यातून पैसा काढता येणार नाही. या विधिमंडळास तेथे काँग्रेस म्हणतात; आपल्याकडील त्या नावाच्या पक्षाशी त्याचा अर्थातच संबंध नाही. प्रतिनिधिगृह आणि सिनेट अशी त्याची दोन गृहे आहेत. घटनाकारांच्या डोळ्यांपुढे इंग्लंडचा इतिहास होता. पार्लमेंटच्या संमतीवाचून पैसा उभारू पाहणाऱ्या राजांशी तेथील प्रजेने सतराव्या शतकात दीर्घ झगडा केला होता आणि अखेर १६८९ साली तो हक्क कायद्याने पदरात पाडून घेतला होता. सैन्य ज्याच्या हाती असते त्याच्या हाती तिजोरीची किल्लीही दिली, तर प्रजेच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून ती किल्ली प्रतिनिधींनी आपल्यापाशी ठेवावी, हे या नियमाचे मर्म आहे.

अमेरिकेचे वित्तवर्ष पूर्वी १ जुलैला सुरू होत असे. १९७४ च्या कायद्याने ते पुढे नेण्यात आले आणि १९७६ पासून ते १ ऑक्टोबरला सुरू होते. तत्पूर्वी निरनिराळ्या खात्यांच्या खर्चाची बारा विधेयके दोन्ही गृहांनी संमत करावीत आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांवर स्वाक्षरी करावी, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा किती वेळा पुरी झाली? नवे वित्तवर्ष अंमलात आल्यापासून सर्व विधेयके वेळेवर संमत झाली अशी अवघी चार वर्षे सापडतात : १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७ ही ती वित्तवर्षे होत. त्यानंतर २०२६ च्या वित्तवर्षापर्यंत एकदाही ते साधलेले नाही.

मग इतकी वर्षे कारभार चालला तरी कसा? तो बहुधा तात्पुरत्या तरतुदीच्या विधेयकावर चालला. ही युक्ती समजण्यास फार लांब जावयास नको. वाण्याकडे ज्या घराची वही आहे, त्या घरात या महिन्याच्या खर्चाविषयी एकमत झाले नाही, तर घरातील वडीलधारे माणूस वाण्यास निरोप धाडते की, तूर्त गेल्या महिन्याइतकेच सामान द्यावे, यादी ठरली की कळवू. घरातील वाद मिटलेला नसतो. पण चूल पेटती राहते. तात्पुरत्या तरतुदीचे विधेयक हा असाच निरोप होय. मागील वर्षी ज्या खात्यास ज्या प्रमाणात पैसा मिळत होता, त्याच प्रमाणात तो अमुक तारखेपर्यंत मिळत राहील, सामान्यतः नवे काम सुरू करता येणार नाही, आणि तोवर मूळ विधेयकांवर निर्णय घेतला जाईल, एवढाच त्याचा आशय असतो. त्या तारखेस निर्णय झाला नाही तर दुसरा निरोप जातो, कधी तिसराही जातो. कधीकधी तर संपूर्ण वर्षच अशा निरोपावर काढले जाते. मार्च २०२५ मध्ये संमत झालेल्या विधेयकाने उरलेले सारे वर्ष याच पद्धतीने पार पाडले.

मात्र हा निरोपही गेला नाही, तर दाराला कुलूप लागते. येथे एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. कुलपाची ही प्रथा राज्यघटनेइतकी जुनी नाही. मंजुरीपलीकडे खर्चाचे दायित्व पत्करण्यास सरकारी अधिकाऱ्यांना मनाई करणारा कायदा १८७० पासून चालत आलेला आहे व पुढे तो अधिक कडक करण्यात आला. तरीही १९८० पर्यंत विधेयकास विलंब झाला म्हणजे कचेऱ्या थोडा हात आखडून कामे चालू ठेवीत. मंजुरी आज ना उद्या मिळेल असे सारे गृहीत धरीत. २५ एप्रिल १९८० रोजी सरकारचे मुख्य विधि-अधिकारी, ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी असा अभिप्राय दिला की, हे गृहीत धरणेच कायद्याविरुद्ध आहे; मंजुरी संपली की काम थांबलेच पाहिजे. पुढील आठवड्यातच, १ मे रोजी, व्यापारविषयक एका संघराज्य आयोगाची कचेरी एक दिवस बंद राहिली. जानेवारी १९८१ मध्ये सिव्हिलेटी यांनी दुसरा अभिप्राय देऊन मनुष्यांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करणारी कामे त्यातून वगळली. कोणी घरी बसावे आणि कोणी बिनपगारी राबावे, ही विभागणी तेव्हापासून चालत आली आहे.

कायद्याचे शब्द काटेकोरपणे पाळावेत, हा हेतू स्तुत्यच होता. पण त्यातून राजकारणास एक नवे शस्त्र मिळाले. विलंब म्हणजे केवळ विलंब, असे पूर्वी होते. आता विलंब म्हणजे बंद, असे झाले. आणि बंदची भीती दाखवून दुसऱ्या पक्षाकडून काही मिळविता येईल, हा मोह दोन्ही पक्षांना पडू लागला. १९९५ च्या डिसेंबरपासून १९९६ च्या जानेवारीपर्यंत, अध्यक्ष क्लिंटन आणि प्रतिनिधिगृहाचे सभापती गिंग्रिच यांच्या वादात, २१ दिवस कारभार थांबला. ऑक्टोबर २०१३ मध्ये आरोग्यविम्याच्या कायद्यावरून १६ दिवस थांबला. त्या वेळी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहण्यासाठी आलेल्या प्रवाशांना परत जावे लागले. पुढे न्यूयॉर्क राज्याने स्वतःचा पैसा भरून तो खुला करविला. २२ डिसेंबर २०१८ पासून मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी अध्यक्ष ट्रंप यांनी मागितलेल्या ५७० कोटी डॉलरांवरून ३५ दिवस कारभार खंडित राहिला. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांना त्याची झळ पोहोचली. विधिमंडळाच्या अंदाजपत्रक कार्यालयाने नंतर हिशेब मांडला, तेव्हा देशाचे सुमारे ११०० कोटी डॉलरांचे उत्पन्न त्या काळात घटल्याचे आणि त्यांतील ३०० कोटी कधीच भरून न येणारे असल्याचे दिसून आले.

ते ३५ दिवस कसे संपले, हे पाहण्यासारखे आहे. २५ जानेवारी २०१९ रोजी पुरेसे नियंत्रक कामावर नसल्यामुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी उड्डाणे काही काळ रोखून धरावी लागली, आणि त्याच दिवशी तडजोड जाहीर झाली. २०२५ सालीही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चाळीस प्रमुख विमानतळांवरील उड्डाणे कमी करण्याचा आदेश निघाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत विधेयक संमत झाले. कारकुनाच्या घरी पगार पोहोचत नाही, तोवर वाद महिनाभर चालू शकतो. प्रवाशांची विमाने अडली म्हणजे मात्र तो फार काळ चालत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्यास दोष देता येणार नाही.

२०२५ चा वाद आरोग्यविम्याच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या वाढीव करसवलतीचा होता. ही सवलत वर्षअखेर संपणार होती. ती पुढे चालू ठेवावी, असा विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचा आग्रह होता, आणि आधी तात्पुरती तरतूद संमत करावी, मग बोलू, असे सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे म्हणणे होते. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा संपवून मतदान घेण्यासाठी शंभरांपैकी साठ मते लागतात. सत्ताधारी पक्षापाशी त्रेपन्न होती. त्यामुळे प्रतिनिधिगृहाने संमत केलेले तात्पुरत्या तरतुदीचे विधेयक सिनेटमध्ये चौदा वेळा अडले. शेवटी आठ विरोधी सभासदांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले, आणि १२ नोव्हेंबर रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. त्या विधेयकाने तीन खातेविधेयके वर्षभरासाठी मार्गी लावली; उरलेल्या सरकारास मात्र ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच मुदत मिळाली. ज्या सवलतीसाठी हे सारे घडले, तिचा निर्णय त्या विधेयकात झाला नाही. ४३ दिवसांच्या अंती उरलेल्या खात्यांच्या हाती पडला तो पुन्हा एक निरोपच.

या दूरदेशीच्या भांडणाची झळ मराठी घरांपर्यंतही पोहोचते. पुणे, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील कितीतरी घरांतील मुलेमुली आज अमेरिकेत नोकरीस आहेत. परदेशी तंत्रज्ञास नोकरीवर घेण्यासाठी तेथील मालकास आधी श्रमखात्याकडून वेतनाविषयीचा एक दाखला मिळवावा लागतो. त्यावाचून पुढचा अर्जच करता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते काम जवळजवळ महिनाभर बंद होते. ज्याची नोकरी बदलावयाची होती किंवा परवान्याची मुदत संपत आली होती, त्याच्या आईवडिलांना वॉशिंग्टनमधील बातम्या का ऐकाव्या लागत होत्या, हे त्यावरून समजेल.

मग प्रश्न असा उभा राहतो की, विधिमंडळाच्या मंजुरीचा हाच नियम भारताच्या राज्यघटनेतही आहे, तर येथे कचेऱ्यांना कुलूप का लागत नाही? आपल्या घटनेच्या २६६ व्या कलमानुसार संचित निधीतून कायद्यावाचून पैसा काढता येत नाही. वित्तवर्ष १ एप्रिलला सुरू होते, आणि अंदाजपत्रकाची चर्चा त्यापूर्वी पुरी होणार नसेल, तर ११६ व्या कलमानुसार लोकसभा काही महिन्यांच्या खर्चापुरते लेखानुदान देते. राज्यांसाठी २०६ वे कलम हीच सोय करते. १९५० पासून कित्येक वर्षे लेखानुदान हा दरसालचा परिपाठच होता. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी मांडण्याची प्रथा २०१७ साली सुरू झाली, ती पूर्ण मंजुरी ३१ मार्चच्या आत मिळावी यासाठीच. निवडणुकीच्या वर्षी मात्र लेखानुदान लागतेच. २०२४ साली केंद्राने १ फेब्रुवारीला अंतरिम आणि २३ जुलैला पूर्ण अंदाजपत्रक मांडले; महाराष्ट्रानेही २७ फेब्रुवारीस अंतरिम आणि २८ जूनला पूर्ण अंदाजपत्रक सादर केले. या मधल्या काळात एकाही शिक्षकाचा पगार त्या कारणाने थांबला नाही.

हा फरक लेखानुदानाच्या शब्दांत नाही. तो राज्यपद्धतीच्या रचनेत आहे. संसदीय पद्धतीत सरकार लोकसभेच्या बहुमतावर उभे असते. लोकसभेने पैसा नाकारला, तर त्याचा अर्थ सरकारवरील विश्वास उडाला असाच होतो, आणि सरकारला पायउतार व्हावे लागते. राज्यसभेस पैशाचे विधेयक अडवून धरता येत नाही; चौदा दिवसांत सूचनांसह परत पाठविण्यापलीकडे तिचा अधिकार नाही. म्हणजे वाद झाला तर किंमत मंत्रिमंडळ मोजते, कारकून नव्हे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी, प्रतिनिधी दोन वर्षांसाठी आणि सिनेटचे सभासद सहा वर्षांसाठी निवडले जातात. पैसा नाकारल्याने यांपैकी कोणाचेही पद जात नाही. तिघेही आपापल्या जागी सुरक्षित राहून एकमेकांना अडवू शकतात, आणि म्हणून त्या अडवणुकीचा भार ज्यांना मत देण्यापलीकडे या वादात स्थान नाही, त्यांच्यावर पडतो.

संसदीय देशातही पैसा अडू शकतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. १९७५ च्या ऑक्टोबरात तेथील सिनेटने व्हिटलम सरकारची खर्चाची विधेयके रोखून धरली. परंतु खजिना आटण्यापूर्वीच, ११ नोव्हेंबर रोजी, गव्हर्नर जनरलांनी पंतप्रधानांना पदच्युत केले, विधेयके संमत झाली, आणि डिसेंबरात मतदारांनी निर्णय दिला. गव्हर्नर जनरलांचे ते कृत्य योग्य होते की नाही, याविषयी तेथे पुढेही दीर्घकाळ वाद होत राहिला. पण पगार थांबवून महिनोन्महिने झुंज चालू ठेवण्याची पाळी आली नाही.

यावरून आपली पद्धत सर्वथा निर्दोष आहे असे समजणे मात्र चुकीचे होईल. अमेरिकेत किल्लीदार इतके जागरूक की घर उपाशी राहते. आपल्याकडे कधीकधी किल्लीदार न पाहताच दार उघडतो. लोकसभेत ठरलेल्या दिवशी चर्चा न झालेल्या साऱ्या मागण्या एकदम मतास टाकण्याची रीत आहे. २०१८ आणि २०२३ साली तर एकाही खात्याच्या मागणीवर स्वतंत्र चर्चा न होता सर्व मागण्या संमत झाल्या. ज्या हक्कासाठी इंग्लंडच्या प्रजेने राजाशी झगडा केला, तो हक्क न वापरताच परत केल्यासारखे हे झाले.

अमेरिकेत या रोगावर उपाय सुचविणारे पुष्कळ आहेत. त्यांतील मुख्य उपाय असा की, मुदत संपली तर मागील वर्षाचीच तरतूद आपोआप चालू राहावी, अशी कायद्यातच व्यवस्था करावी. विस्कॉन्सिन राज्यात अशी व्यवस्था आहे, आणि तेथे अंदाजपत्रकास विलंब झाला तरी कचेऱ्या चालू राहतात. यावर आक्षेप असा घेतला जातो की, निरोप आपोआप जाऊ लागला, तर यादी करण्याची घाई कोणालाच राहणार नाही. ज्याला आहे तेच हवे आहे, तो पक्ष नुसता स्वस्थ बसून जिंकेल. हा आक्षेप पोकळ नाही. वर्षानुवर्षे जुन्या प्रमाणात खर्च होत राहिला, तर संपलेल्या कामावर पैसा जात राहतो आणि नव्या गरजेस तो मिळत नाही. तात्पुरत्या तरतुदीवर चालणाऱ्या खात्यांत आजही नव्या नेमणुका रखडतात, मोठे करार लांबणीवर पडतात आणि तेच करार तुकड्यातुकड्यांनी पुनःपुन्हा करावे लागतात.

पण या दोषांची तुलना कशाशी करावयाची, हे विसरता येत नाही. २०१९ च्या कायद्याने कायम कर्मचाऱ्यांस बंदच्या काळातील वेतन मागाहून मिळण्याची तरतूद करण्यात आली आहे. याचा अर्थ असा की, सरकार ज्या दिवसांचे काम घेत नाही, त्या दिवसांचाही पगार शेवटी देते. मग बंदमध्ये बचत ती कोणती? आणि ठेकेदारामार्फत कचेऱ्यांची झाडलोट करणाऱ्या, उपाहारगृहांत राबणाऱ्या हजारो लोकांना हा कायदा लागू नाही; त्यांचा बुडालेला रोज बुडालेलाच राहतो. उलटपक्षी विधिमंडळाच्या सभासदांचे वेतन वार्षिक विधेयकावर अवलंबून नसल्यामुळे बंदच्या काळातही त्यांना ते देय होते. काही सभासद त्या काळात ते घेत नाहीत, हे खरे; परंतु तो त्यांच्या सौजन्याचा भाग झाला, कायद्याचा नव्हे.

तिजोरीची किल्ली प्रतिनिधींच्या हाती असावी की नाही, हा प्रश्न आता कोणत्याही लोकशाहीत उरलेला नाही. ती किल्ली राजास अडविण्यासाठी दिलेली होती. तिने वॉशिंग्टनमधील सफाई-कामगाराची चूल विझते आणि किल्ली धरणाराचे ताट मात्र भरलेले राहते, तोवर तात्पुरत्या तरतुदीचे प्रत्येक विधेयक पुढच्या कुलपाची तारीखच तेवढी ठरवून देते. निर्णय न घेण्याची किंमत निर्णय घेणाऱ्यानेच मोजावी, अशी व्यवस्था ज्या दिवशी होईल, त्या दिवशी यादी वेळेवर तयार होऊ लागेल.